वाचकांचे प्रश्न : टाऊन हॉल, जाहीर सभा आणि विचारण्याचा हक्क

गेल्या अंकात नगरपालिकांच्या जुन्या इमारतींविषयी लेख प्रसिद्ध झाल्यानंतर वाचकांची बरीच पत्रे आली. काहींना इमारतींच्या इतिहासात रस होता, पण बहुतेकांचा खरा प्रश्न असा होता की सभागृह आहे, सभाही होते, तरी तिथे आम्हाला बोलता का येत नाही. त्यातील पाच पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : मुंबईतील एशियाटिक सोसायटीची इमारत मुळात शहराचा टाऊन हॉल होती असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मग तिथे शहराचा कारभार चालत असे का, आणि सामान्य मुंबईकराला तिथे प्रवेश होता का? (गिरगावातील निवृत्त शिक्षिका)

इमारत टाऊन हॉल म्हणूनच बांधली गेली, हे खरे आहे. साहित्य आणि शास्त्र यांच्या चर्चेसाठी १८०४ मध्ये मुंबईत एक संस्था, म्हणजे पुढची एशियाटिक सोसायटी, स्थापन करणारे सर जेम्स मॅकिंटॉश यांच्या मनात शहरासाठी एक भव्य सार्वजनिक वास्तू असावी असे होते. त्यासाठी लॉटरी काढून पैसे उभारण्याचा प्रयत्न झाला, तो पुरा पडला नाही आणि अखेर ईस्ट इंडिया कंपनीला हात द्यावा लागला. बांधकाम १८२१ मध्ये सुरू होऊन १८३३ मध्ये पूर्ण झाले. आराखडा कर्नल थॉमस कूपर यांचा होता. समोरचे डोरिक, म्हणजे प्राचीन ग्रीक शैलीचे, आठ खांब आणि तीस पायऱ्यांची चढण आजही जशीच्या तशी आहे. याच पायऱ्यांवरून १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा मुंबईकरांना वाचून दाखवला गेला आणि कंपनीचे राज्य संपल्याचे शहराला कळले.

शहराचा दैनंदिन कारभार मात्र येथून चालला नाही. पालिकेचे कार्यालय आधी गिरगाव रस्त्याच्या टोकाशी एका साध्या इमारतीत होते. १८७० मध्ये ते एस्प्लनेडवर वॉटसन हॉटेलाच्या शेजारी गेले आणि १८९३ मध्ये बोरीबंदरसमोरच्या आजच्या मुख्यालयात आले. टाऊन हॉलमध्ये ग्रंथालय होते, समारंभ आणि मेजवान्या होत आणि त्याबरोबर जाहीर सभाही होत. या सभांची एक पद्धत आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. काही प्रतिष्ठित नागरिकांनी सह्या करून शेरीफकडे, म्हणजे मुंबईच्या नगरपालांकडे, लेखी मागणी करायची आणि त्यांनी सर्व रहिवाशांच्या नावे सभा बोलवायची, अशी ती पद्धत होती. त्यामुळे सभेला शहराची सभा म्हणून वजन येई. पण मागणी करणारे, व्यासपीठावर बसणारे आणि ठराव मांडणारे हे सारे वरच्या थरातले होते, हे विसरून चालणार नाही. ज्या सोसायटीचे ग्रंथालय या इमारतीत होते, तिचे पहिले भारतीय सभासद माणेकजी करसेटजी १८४० मध्ये झाले, म्हणजे इमारत उभी राहिल्यानंतर सात वर्षांनी.

म्हणून सामान्य करदात्याचा आवाज शोधायचा असेल तर टाऊन हॉलच्या पायऱ्या उतरून धोबी तलावाकडे जावे लागते. तिथल्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात १८७१ च्या सुमारास पालिकेच्या करांविरुद्ध आणि आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या उधळपट्टीविरुद्ध वादळी चर्चा झाल्या. त्याच सभागृहात तरुण फिरोजशहा मेहतांनी बहुतेकांना न रुचणारी भूमिका मांडली. दोष एका आयुक्ताचा नसून रचनेचा आहे, करदात्यांनी निवडलेले मंडळ हवे आणि त्याला जबाबदार असा एकच कार्यकारी अधिकारी हवा, असे ते म्हणाले तेव्हा श्रोत्यांनी त्यांना नीट बोलूही दिले नाही. पुढच्याच वर्षी, १८७२ मध्ये, नवा कायदा झाला आणि महापालिकेच्या ६४ सदस्यांपैकी ३२ जण करदात्यांनी निवडून द्यायचे ठरले. मतदान ठरावीक कर भरणाऱ्यांपुरतेच होते, तरीही निम्म्या जागा निवडणुकीने भरण्याची ही सुरुवात लहान नव्हती. महापालिकेच्या मुख्यालयासमोर मेहतांचा पुतळा उभा आहे तो या कामामुळे. मुंबईच्या नागरी इतिहासात टाऊन हॉलपेक्षा त्या धोबी तलावच्या सभागृहाला मी वरचे स्थान देईन.

प्रश्न : आमच्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये आता संग्रहालय आहे. अशा इमारती पुन्हा नागरिकांच्या सभांसाठी खुल्या कराव्यात असे आपणास वाटते का? (कोल्हापूरचे एक वाचक)

कोल्हापूरचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार बांधला गेला आणि १९४९ पासून तिथे संग्रहालय आहे. कोल्हापुरातीलच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातील वस्तू, त्यांतही पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवाची ती छोटी कांस्यमूर्ती, पाहायला लोक लांबून येतात. ती व्यवस्था मोडून तिथे खुर्च्या मांडाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. जुन्या वास्तूचे जतन हेही नागरी काम आहे आणि गर्दीच्या सभांना लागणारे ध्वनिवर्धक, वाहनतळ आणि आगीपासूनची सुरक्षा या इमारतींना झेपत नाही.

शिवाय प्रश्न विचारण्यासाठी भव्य सभागृह लागतेच असेही नाही. पुणे नगरपालिकेत महात्मा फुले १८७६ ते १८८३ सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पालिकेने खर्च करण्याचे ठरवले तेव्हा, हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे म्हणून विरोध करणारे ते एकटेच निघाले. विरोधात पडलेले ते एक मत नोंदले गेले, म्हणूनच आज आपल्याला त्याची माहिती आहे. पुढील प्रश्नाच्या उत्तरात हाच नोंदीचा मुद्दा सविस्तर येईल.

प्रश्न : आमच्या गावी ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होते आणि मग दहा-पंधरा जणांत ठराव होतात. विचारायला गेले तर 'नियमात आहे' असे उत्तर मिळते. प्रश्न विचारला तर प्रोसिडिंगला येत नाही. काय करावे? (मराठवाड्यातील एका गावचे शेतकरी)

आपल्या पत्राला सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण राज्यातल्या हजारो गावांचा हा अनुभव आहे.

आधी कायदा पाहू. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले आणि ती दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली. गावच्या मतदार यादीतील प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी कोणाचे निमंत्रण लागत नाही. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि पुरेशा कारणाशिवाय सभा बोलावण्यात कसूर केली तर सरपंचाचे पदही जाऊ शकते. गणपूर्ती, म्हणजे कोरम, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी आहे. म्हणजे ६०० मतदारांच्या गावात ९० माणसे हवीत, पण २००० मतदारांच्या गावात ३०० लागत नाहीत, १०० पुरतात. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, हेही खरे आहे. आपल्याला मिळालेले उत्तर म्हणून नियमाला धरून आहे, पण अर्धे आहे. तहकूब सभेत मूळ विषयपत्रिकाच पुढे चालते. तिच्यात नसलेला विषय तिथे मांडला जात असेल, तर त्याच वेळी हरकत घ्यावी आणि ती हरकत इतिवृत्तात, म्हणजे प्रोसिडिंगमध्ये, लिहून घेण्यास सांगावे.

आता मुख्य मुद्दा. ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय जवळपास नेहमी 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा असतो. त्या वेळी लोक अजून येत असतात, चहा फिरत असतो, वाचन घाईने उरकले जाते आणि 'मंजूर, मंजूर' असे दोन आवाज आले की पान उलटते. माझ्या मते प्रश्न विचारणाऱ्यासाठी सबंध सभेत याहून मोलाचा क्षण नाही. मागच्या वेळी आपण विचारलेला प्रश्न लिहिला गेला आहे का, त्याला काय उत्तर दिले, अमुक काम तमुक महिन्यात होईल असे जे सांगितले गेले ते नोंदले आहे का, हे तपासण्याची आणि चूक असेल तर दुरुस्ती मागण्याची हीच वेळ आहे. इतिवृत्त एकदा कायम झाले की 'मी असे म्हणालो होतो' याला फारसा अर्थ उरत नाही. म्हणून सभेला वेळेआधी पोहोचा. हजेरी पुस्तकावर सही किंवा अंगठा करण्यापूर्वी ते पान कोणत्या सभेचे आणि कोणत्या तारखेचे आहे हे वाचा. सही आधी आणि ठराव मागाहून, हा प्रकार कोरी जागा सोडलेल्या पानावरच घडतो.

प्रश्न लेखी द्या. सभेच्या काही दिवस आधी ग्रामपंचायतीत अर्ज करा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. प्रश्नाची घडणही महत्त्वाची आहे. 'गावात विकास का होत नाही' या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येते आणि तसेच दिले जाते. त्याऐवजी, समजा मुद्दा गटाराचा आहे, तर असे विचारावे : 'शाळेपासून मारुती मंदिरापर्यंतच्या गटाराच्या कामाला कोणत्या योजनेतून किती रक्कम मंजूर झाली, त्यापैकी किती अदा झाली, मोजमाप पुस्तिकेत किती मीटर लांबी नोंदली आहे, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणत्या तारखेचा आहे?' या चार गोष्टींना आकडा किंवा तारीख हेच उत्तर असू शकते. मोजमाप पुस्तिकेतली लांबी आणि जागेवरची लांबी यांत फरक असेल, तर टेप घेऊन दहा माणसे मोजायला जाऊ शकतात, त्यासाठी वादावादीची गरज पडत नाही. उत्तर त्या दिवशी मिळाले नाही तर 'पुढील सभेत लेखी माहिती सादर करण्यात येईल' एवढे तरी इतिवृत्तात घालून घ्यावे आणि माहिती अधिकाराचा अर्ज त्याच आठवड्यात करावा.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष ठेवावे. एक म्हणजे 'आयत्या वेळचे विषय'. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे हे विषय शेवटी, लोक उठू लागल्यावर घेतले जातात. जमीन, गाळे, ठेका किंवा ना-हरकत दाखला यांतले काही त्यात आले, तर तो विषय पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर रीतसर घ्यावा अशी मागणी करावी. दुसरी गोष्ट महिला ग्रामसभेची. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेणे बंधनकारक आहे. ती कागदावर उरकली जात असेल तर गावातल्या बचत गटांनी ती खरोखर भरवावी. पाणी, रेशन आणि शाळेचा पोषण आहार यांविषयीचे नेमके प्रश्न तिथूनच येतात, आणि तिथे एकदा मोकळेपणाने बोललेली बाई मोठ्या सभेतही उभी राहते.

गणपूर्ती का होत नाही, यावरही विचार व्हावा. सभेत ऐकून घेतले जात नाही म्हणून लोक येत नाहीत आणि लोक येत नाहीत म्हणून ऐकून घेण्याची गरज भासत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या छोट्या गावाने यातून वेगळी वाट काढली. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा सर्वांना ठाऊक आहे, पण त्यामागची पद्धत कमी जणांना माहीत असते. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात ज्याला रस आहे त्याने यावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे, कायद्याची कलमे वाचावीत, शंका विचाराव्यात, पण तिथे निर्णय करायचा नाही. निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने. एकाची जरी हरकत राहिली तरी विषय पुढे ढकलला जातो. यात वेळ जातो, पण सभेला येणाऱ्याला आपल्या 'नाही' म्हणण्याला किंमत आहे हे ठाऊक असते. वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला २००९ मध्ये मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. मेंढ्याची सर्वसहमती मोठ्या गावाला जमेल असे मी म्हणत नाही. अभ्यासगट मात्र कोणत्याही गावाला जमेल. सभेच्या आधीच्या रविवारी पारावर किंवा वाचनालयात पंधरा जणांनी विषयपत्रिका आणि अंदाजपत्रक वाचायला बसावे. एवढ्या तयारीने गेलेली पंधरा माणसे तहकूब सभेतही भारी पडतात.

प्रश्न : मुलाकडे मॅसॅच्युसेट्समध्ये असताना तिथली टाऊन मीटिंग पाहिली. टीव्हीवर निवडणुकीच्या वेळी दाखवतात तो 'टाऊन हॉल' आणि ही सभा एकच का? (पुण्यातील एक वाचक)

दोन्ही अगदी वेगळ्या आहेत. आपण पाहिलीत ती न्यू इंग्लंडमधल्या लहान गावांची, वसाहतकाळापासून चालत आलेली संस्था आहे. ज्या गावात खुली टाऊन मीटिंग असते, तिथे प्रत्येक नोंदणीकृत मतदार हाच कायदेमंडळाचा सदस्य असतो आणि गावाचे अंदाजपत्रक शाळा, रस्ते, अग्निशमन अशा क्रमाने तिथेच मताला टाकले जाते. विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते आणि तिच्याबाहेरच्या विषयावर निर्णय करता येत नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत दहा मतदारांच्या सह्यांनीही विषय घालता येतो. सभा चालवण्यासाठी निवडून दिलेला मॉडरेटर असतो आणि प्रत्येकाने त्याला उद्देशूनच बोलायचे असते, त्यामुळे दोन शेजाऱ्यांचे भांडण सभेत पेटत नाही. शेजारच्या व्हरमाँट राज्यात तर मार्चचा पहिला मंगळवार या सभांसाठी राखीव असतो. आपल्या मुलासारख्या, अजून नागरिक न झालेल्या रहिवाशाला तिथे पाहुणा म्हणून बसता येते, मत देता येत नाही.

टीव्हीवरचा प्रकार निवडणूक प्रचाराचा आहे. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारांची अशा स्वरूपाची पहिली वादसभा १५ ऑक्टोबर १९९२ रोजी व्हर्जिनियातील रिचमंड येथे झाली. राष्ट्रीय कर्जाचा तुम्हाला व्यक्तिशः काय फटका बसला, असे एका मतदार महिलेने विचारले. त्याच सुमारास तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश घड्याळाकडे पाहताना कॅमेऱ्यात टिपले गेले, आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बिल क्लिंटन मात्र पुढे येऊन त्या महिलेलाच प्रतिप्रश्न करत बोलू लागले. लोकांच्या लक्षात ते दृश्य राहिले. पण तिथे प्रश्नकर्त्याच्या हाती त्या संध्याकाळी कोणताच निर्णय नव्हता, टाऊन मीटिंगमध्ये तो असतो.

आपल्याकडे नेत्यांचे 'जनता दरबार' भरतात, ते या दुसऱ्या प्रकाराला जवळचे आहेत. तिथे अनेकांची अडलेली कामे होतात, हे मान्य केले पाहिजे. तरीही दरबारातले काम बोलावणाऱ्याच्या मर्जीवर चालते. ग्रामसभेत उभा राहणारा माणूस कोणाकडे अर्ज घेऊन आलेला नसतो, तो त्या सभेचा सदस्य असतो. टाऊन मीटिंगची आठवण आली तर तिची तुलना ग्रामसभेशी करावी, असे सुचवतो.

प्रश्न : आम्ही शहरात राहतो. महापालिकेच्या सर्वसाधारण सभेला सामान्य माणूस जाऊ शकतो का? आम्हाला दारातच 'पास कुठे आहे' असे विचारून परत पाठवले. (पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरातील गृहिणी)

जाऊ शकतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात आणि इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यात सभा जनतेसाठी खुली असण्याचे तत्त्व आहे. एखादा विषय बंद दाराआड चर्चिला जावा असे उपस्थित सदस्यांनी बहुमताने ठरवले, तर तो अपवाद. जागेच्या मर्यादेमुळे प्रेक्षक सज्जासाठी पास लागू शकतो, म्हणून सभेच्या आधी नगरसचिवांच्या कार्यालयात लेखी मागणी करावी. पास नाकारला तर कारणही लेखी मागावे.

सज्जात बसून बोलता मात्र येत नाही. तिथे प्रश्न विचारण्याचा अधिकार नगरसेवकांचा आहे, तेव्हा आपला प्रश्न वर सांगितल्याप्रमाणे नेमका लिहून आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे द्यावा आणि सज्जात त्यांना दिसेल असे बसावे. अनेक महापालिकांत २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि त्यानंतर शहरांची अंदाजपत्रके निवडून दिलेल्या सभागृहाशिवाय मंजूर होत गेली. त्या काळात प्रश्न विचारणारेच आत नव्हते, याची खंत मला आजही वाटते. त्या वर्षांतील खर्चाचा तपशील आता आपल्या नगरसेवकाकरवी विचारून घ्यायला हरकत नाही.

नागरिकांनी स्वतः बोलण्यासाठी शहरी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे, म्हणजे प्रभागातील मतदारांची सभा. बहुतेक शहरांत ती भरतच नाही, कारण कोणी मागत नाही. सोसायट्या आणि वस्त्या यांनी मिळून, दोन्हीकडच्या सह्यांनी, ती मागावी. फक्त सोसायट्यांच्या सह्या असतील तर सभा वाहनतळ आणि फेरीवाले यांवरच संपते आणि वस्तीतल्या नळाचा विषय राहून जातो. वैयक्तिक तक्रारीसाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन आहे. त्यासाठी अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि न्यायालयात असलेले, सेवाविषयक किंवा महसुली अपिलाचे विषय तिथे घेतले जात नाहीत. आपल्या पत्रात गल्लीतल्या कचराकुंडीचा उल्लेख आहे. तो विषय अनेकांचा असल्याने लोकशाही दिनी स्वीकारला न जाण्याचा संभव आहे. त्याचा अर्ज प्रभाग कार्यालयात द्यावा आणि त्याची प्रत क्षेत्रसभेच्या मागणीला जोडावी.